खरवड

सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये
माझ्या चार टाक्या उभ्या आहेत,
पाचवी हप्त्यावर.
मामा पिंपळगावहून आले, टाकीवर टिचकी मारून म्हणाले,
द्राक्षांच्या जिल्ह्यात तू जव घेऊन बसलास होय रे?
मी म्हटलं, नागलीसुद्धा आहे मामा. पेठची.
त्यांना आणखीनच वाईट वाटलं.

शनिवारी चाळीस माणसं येणार होती.
चार ग्लास, चार वाट्या, तिकीट लावलेलं.
पुण्याच्या सल्लागाराने तक्ता पाठवला होता,
आडवी बिअर, उभं चीज,
मध्ये बाण.
लीलाबाई पगारेंनी तक्ता ओट्यावर पसरला
आणि त्यावर लसूण सोलायला घेतला.

"आण एकेक."
पीत नाहीत त्या. नाक लावतात, करंगळी बुडवतात,
आमटीचं मीठ बघावं तशा.

मिसळीला मी कडू ठेवली होती,
माझी लाडकी, दोन महिने जागून जमवलेली.
त्यांनी काळ्या रश्शाचा भुरका मारला, वर करंगळी,
आणि पदराने डोळे पुसले.
"तिखटावर कडू ओतलं की तिखट चिडतं.
घरच्या भांडणात वकील कशाला?
ती गव्हाची दे, केळ्याच्या वासाची.
मोठ्या वहिनीसारखी आहे ती,
दोघांचंही ऐकून घेईल."

मग कडूचं काय करू?
"तिला खेकडा भजी. तेलाशी भांडू दे."

नागलीच्या बिअरला मी नागलीचा पापड सुचवला.
मला फार सुंदर वाटलं होतं ते.
"एकाच गावच्या दोघी," त्या म्हणाल्या,
"शेजारी बसवल्या तर
जेवण संपेपर्यंत एकमेकींचीच चौकशी करतील."
आणि निखाऱ्यावर वांगं ठेवलं.

काळीपाशी मात्र अडलं.
तक्त्यात तिच्यापुढे चॉकलेट केक, ठळक अक्षरांत.
लीलाबाईंनी ग्लास बराच वेळ नाकाशी धरला.
"जळलंय का काही?"
मुद्दाम. जव करपेपर्यंत भाजतात.
"मुद्दाम," त्या म्हणाल्या.
"आणि कोणी ओरडत नाही?"

कुकरची शिट्टी झाली. बाहेर टेम्पोत
चोथ्याची पिंपं चढत होती,
दर मंगळवारी जातात, मखमलाबादला, आहेरांच्या गोठ्यात.
तिथलंच दूध येतं आमच्याकडे, सकाळी, किटलीत.
त्याचं रिकामं पातेलं मोरीत भिजायला निघालं होतं.
त्यांनी ते अडवलं.
पिशवीतून शिंपला काढला,
कडा झिजलेला, चंद्रकोरीइतका उरलेला,
आणि तळ खरवडायला बसल्या.
खर्र. खर्र.
तपकिरी पापुद्रे, कुठे काळे, कुठे नुसते सोनेरी.
वर चिमूटभर साखर.

"आम्ही चौघी बहिणी, पातेलं एक.
जिचा ताप उतरला असेल तिला मिळायची.
मी लहानपणी फार आजारी पडायचे,"
असं म्हणून त्या हसल्या,
"खरंखोटं देव जाणे."

मी खाल्लं. वर एक घोट घेतला.
सात वर्षं मी ही बिअर बनवतोय
आणि तिच्यात दूध आहे
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
दूध नाहीच आहे तिच्यात.
पण होतं.

चाळीस वाट्या कशा करणार? मी हिशेब मांडायला लागलो,
पातेली किती, शेगड्या किती, दर काय लावायचा.
त्यांनी माझ्याकडे असं बघितलं
जसं मामांनी टाकीकडे बघितलं होतं.
"एका पातेल्यात एका माणसापुरती निघते.
मेनूत नको लिहूस."

शनिवारी काळीसोबत केकच गेला.
लोकांना आवडला. फोटो काढले,
एकाने पाककृती मागितली, मी बेकरीचा नंबर दिला.
भरीत संपलं, भजी संपली,
गव्हाची टाकी तळाला आली.

साडेअकराला शटर अर्धं ओढून मी आत गेलो.
लीलाबाई केव्हाच निघून गेल्या होत्या.
ओट्यावर वाटी, वाटीवर बशी,
आणि बशीवर शिंपला ठेवलेला,
दुसऱ्या कोणी हात लावू नये म्हणून.